तळ्याची वर्गणी

अक्काचा आवाज हॉर्नच्या आधी पोचतो, असं तिचा ड्रायव्हर म्हणायचा, आणि तिच्या तोंडावर म्हणायचा. इतकी वर्षं एका गाडीवर काढल्यावर तेवढा हक्क त्याने कमावला होता. अक्का चढावरच्या गाडीची कंडक्टर. शहराच्या स्टँडवरून निघालेली गाडी बाजार, दवाखाना, विटांच्या भट्ट्या असं करत डोंगर चढायची आणि जिथे डांबर संपतं तिथे वळून उभी राहायची. त्या शेवटच्या थांब्याच्या आसपास सगळे घेवडा पिकवणारे. त्यांचे क्रेट सकाळच्या गाडीने खाली यायचे, आणि त्या क्रेटांना जागा मिळावी म्हणून अक्का कोणाशीही भांडायची. एकदा एका साहेबाने आपली बॅग ठेवण्यासाठी एक क्रेट पायाने सरकवला. "पायाने?" एवढंच अक्का म्हणाली. पुढचं जे म्हणाली ते नीट ऐकता यावं म्हणून ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. साहेब उतरेपर्यंत बॅग मांडीवर घेऊन बसला होता.

लग्न तिने केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "दिवसभर एवढी माणसं सांभाळते, घरी आणखी एक कशाला?" शेवटच्या थांब्यापासून थोडं वर तिच्या भावाचं घर होतं. सुट्टीला ती तिथेच जायची. शेत नावाला भावाचं, बघायची सगळं भावजय. भाऊ गरीब स्वभावाचा. तो म्हणायचा, "आमच्याकडे इंजिनं दोन आहेत, मी आपला डबा."

भावजयीचा रुबाब वेगळा. शेतात जातानाही धुतलेले, इस्त्रीचे कपडे, डोक्याला घट्ट बांधलेला लाल रुमाल, आणि हसली की शेजारच्या शेतात कळायचं. नणंद-भावजयीचं इतकं कसं जमतं याचं लोकांना नवल वाटायचं. भावजय अक्काला 'वन्सं' म्हणायची, मान द्यायची, आणि अक्का कोणावर तोंड सोडायला लागली की तिच्या पुढ्यात निवडायच्या शेंगांची पाटी सरकवायची.

मग वरची हवा बदलली. घेवडा फुलायच्या दिवसांत पूर्वी शेवटच्या थांब्यावर उतरलेला माणूस आधी गळ्याभोवती काहीतरी गुंडाळायचा. आता ऐन फुलोऱ्यात अशी झळ यायला लागली की सकाळी पांढरीशुभ्र दिसणारी वेल दुपार कलेपर्यंत उघडी पडायची आणि सगळी फुलं खाली मातीत. पाऊस यायचा तो महिन्याचं सगळं पाणी एका दुपारी ओतून, शेतातली माती रस्त्यावर आणून टाकायचा आणि मग तोंड फिरवायचा. एक हंगाम गेला तेव्हा लोक म्हणाले, असं व्हायचंच. दुसरा गेला. तिसऱ्यानंतर तसं म्हणायची कोणाची हिंमत राहिली नाही.

वरच्या सगळ्या घरांनी मिळून डोकं चालवलं. शेतकी खात्यातला एक भला माणूस वर येऊन बसला, त्याने आराखडा काढून दिला. चढाच्या माथ्यावर एक मोठं तळं खणायचं, तळाला जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा, एका दुपारी येणारं पाणी तिथे अडवायचं. आणि फुलोऱ्याच्या दिवसांत वेलींवर सावलीच्या जाळ्या ताणायच्या. तळं सगळ्यांचं, जाळ्या सगळ्यांच्या. पैशाचं विचारल्यावर मात्र त्या भल्या माणसाने दोन्ही हात उघडे करून दाखवले.

"मग वर्गणी काढू," अक्का म्हणाली.

"कोण देणार?" भाऊ म्हणाला.

"जे खातात ते देणार!"

दुसऱ्या दिवसापासून तिकिटं फाडून झाली की अक्का गाडीच्या मधोमध उभी राहायची. "मंडळी, घेवडा खाता ना? मग तळ्याला द्या. जास्त नको, परत मिळालेली चिल्लर द्या." काही देत, काही खिडकीबाहेर बघत. खिडकीबाहेर बघणाऱ्यांकडे अक्का अशी बघायची की त्यांतले निम्मे उतरताना देऊन जायचे. पण चिल्लरीतून तळं होत नाही. तेव्हा ती मोठ्या बाईंकडे गेली.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. अर्धं शहर त्यांच्या हाताखालून गेलेलं. अक्कालाही त्यांनी शिकवलं होतं, आणि उलट उत्तरं देते म्हणून वर्गाबाहेर उभंही केलं होतं. अजूनही त्यांच्यासमोर गेलं की अक्काचे हात आपोआप मागे जायचे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "हे शहराचंच काम आहे. मी करते." आणि खरंच केलं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत समिती बसवली. गुडघे दुखत असताना दारोदार फिरल्या. दुकानदार, डॉक्टर, वकील, कोणाला सोडलं नाही. तरी पैसे थेंबाथेंबानेच येत होते. मग समितीत कोणीतरी सुचवलं, आजकाल लोक कागद वाचत नाहीत, फिल्म बघतात. एक व्हिडिओवाला फुकटात फिल्म करून द्यायला तयार झाला. त्याला वरचं एखादं घर हवं होतं, एखादी शेतकरी बाई.

अक्काला दुसरं कोण सुचणार?

भावजय आधी नको म्हणाली. "मला काय बोलता येतंय कॅमेऱ्यासमोर?"

"तुला बोलता येत नाही? तुला?" अक्का म्हणाली. "माझ्यासाठी कर. शहराला कळू दे आपण काय करतोय ते."

ज्या दिवशी शूटिंग होतं त्या दिवशी अक्काची ड्यूटी होती. व्हिडिओवाला तिच्याच गाडीने वर गेला आणि संध्याकाळी तिच्याच गाडीने खाली आला. "काय मग, झालं चांगलं?" तिने विचारलं. "एक नंबर," तो म्हणाला. अक्काने त्याचं तिकीट स्वतःच्या खिशातून काढलं होतं. पुढे कित्येक दिवस तिला त्या तिकिटाची चीड येत राहिली.

फिल्म तिने पहिल्यांदा पाहिली ती गाडीतच. बाजाराच्या थांब्यावर चढलेल्या दोन बायका एका फोनवर डोकी जुळवून बसल्या होत्या आणि चुकचुकत होत्या. फोनमधून व्हायोलिन रडत होतं. अक्का तिकीट द्यायला वाकली आणि तिला लाल रुमाल दिसला.

भावजय वाळलेल्या ओळीत उभी होती. एकटी. अंगात कधीचे कोण जाणे, विटके कपडे. ती दोन्ही हातांनी डोळे पुसत होती, पुन्हा पुन्हा, आणि एक जाड आवाज सांगत होता की, हिचं सगळं संपलं आहे, हिच्या चुलीत विस्तव नाही, तुमच्या मदतीशिवाय ही माती आता कधीच पिकणार नाही. भावजयीचा एकही शब्द नाही. तळं नाही, जाळी नाही, शेजारीपाजारी नाहीत. शेवटी तिचे डोळे पडदाभर मोठे, आणि खाली पैसे कुठे पाठवायचे ते.

"बिचारी," एक बाई म्हणाली आणि तिने पर्समधून नोट काढून अक्काच्या हातावर ठेवली. "तुम्ही त्यांच्यासाठीच गोळा करता ना?"

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तिची तर मध्ये कुठेच थांबली नाही. तिने नोट त्या बाईच्या मांडीवर परत ठेवली आणि घंटीची दोरी इतक्या जोरात ओढली की ड्रायव्हरने घाबरून करकचून ब्रेक लावला.

ड्यूटी संपल्यावर ती परत चढाच्या गाडीत बसून वर गेली. भाऊ ओट्यावर बसला होता, त्याने फक्त मानेने आत खूण केली. भावजय स्वयंपाकघरात भांडी घासत होती. घासून झालेलीच पुन्हा घासत होती.

"पाहिलीत?" ती म्हणाली.

"पाहिली. तू रडलीस का गं त्याच्यासमोर?"

"मी?" भावजय वळली. "गेल्या वर्षी ओळींवर पोती बांधून सावली करून बघितली होती ना आपण, ती दाखवत होते त्याला. पोतं झटकलं, धूळ गेली डोळ्यांत. म्हटलं थांब जरा, तर म्हणाला, नाही नाही, तसंच राहा, फार छान दिसतंय. कपडेही त्यानेच बदलायला लावले. म्हणाला, कॅमेऱ्यात इस्त्री चांगली दिसत नाही. मला काय माहीत! तळं कुठे होणार ते दाखवायला वर माथ्यापर्यंत नेलं मी त्याला, वन्सं. घामाघूम झाला. सगळं समजावून सांगितलं. सगळं कापून टाकलं, आणि धूळ ठेवली."

अक्का ज्या शब्दांनी सुरू झाली ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. भावजयीने नेहमीसारखी शेंगांची पाटी पुढे सरकवली नाही. तिने अक्काला पूर्ण बोलू दिलं, आणि मग हळू आवाजात म्हणाली, "हॉटेलवाल्याचा निरोप आला आज."

खाली स्टँडसमोर एक मोठं हॉटेल होतं. घरचा निम्मा घेवडा तिथे जायचा. चांगला भाव द्यायचा तो माणूस. त्याने फिल्म बघितली होती आणि निरोप पाठवला होता की, तुमच्यावर असा प्रसंग आल्याचं वाईट वाटलं, पुढच्या हंगामासाठी दुसरीकडे ठरवलं आहे, तुम्ही काळजी करू नका.

"खालच्या अंगाच्या ओळी जगल्यात माझ्या," भावजय म्हणाली. "त्याला द्यायला माल आहे माझ्याकडे. पण आता मी कुठल्या तोंडाने सांगू? सगळ्या शहराने मला रडताना बघितलंय." तिने फडकं पिळलं. "वन्सं, मी कॅमेऱ्यासमोर उभी राहिले ती तुमच्या शब्दावर."

ओरडून म्हणाली असती तर अक्काला ते पेलवलं असतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती मोठ्या बाईंच्या घरी गेली. बाई व्हरांड्यात पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या, गुडघ्यांना पट्ट्या बांधलेल्या. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की अक्काला आणखीच राग आला.

"ये गं! बघितलंस का? दोन महिन्यांत आलं नाही ते एका आठवड्यात आलं!"

"बाई, ती फिल्म खोटी आहे. काढा ती."

"खोटी कशी? फुलगळ खोटी आहे? ऊन खोटं आहे?"

"माझी भावजय रडत नव्हती."

बाईंनी पाय खाली घेतले. "हे बघ. शाळेचं छप्पर पडलं होतं तेव्हा मी वर्गणीला फिरले होते, आठवतं का तुला? आधी नकाशे दाखवले, हिशेब दाखवला. कोणी दारात उभं केलं नाही. मग छत्री घेऊन वर्गात बसलेल्या मुलींचा फोटो दाखवला. लगेच छप्पर झालं. लोक असेच असतात. मी त्यांना बदलू की छप्पर घालू?"

अक्काचा आवाज चढला. "त्या मुलींना दुसऱ्या दिवशी कोणी विचारलं का?"

"अगं, हळू बोल."

"हॉटेलवाल्याने तिचा घेवडा बंद केला, बाई!"

बाईंनी गुडघ्याची पट्टी नीट केली. मग म्हणाल्या की, समितीने सभागृहात कार्यक्रम ठेवलाय, तो होऊ दे, तोवर फिल्म राहू दे, मग काढू. आणि जाता जाता, जणू चांगली बातमी म्हणून, त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. फिल्म बघून लोकांनी जे पैसे पाठवले ते भुकेल्या बाईसाठी पाठवले होते. तळ्याचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा समितीने ठरवलं होतं की तळ्याचं मागाहून बघू. आधी वरच्या सर्वांत अडलेल्या घरांच्या हातात रोख रक्कम द्यायची, स्टेजवर बोलावून. आणि एका मोठ्या दुकानदाराने धान्याची पाकिटं दिली आहेत, तीही त्याच दिवशी वाटायची.

"काय आहे पाकिटात?" अक्काने विचारलं.

"तांदूळ, तेल, साखर. आणि घेवड्याचे सुके दाणे."

अक्का तिथून निघाली ती रस्त्याने एकटीच मोठमोठ्याने बोलत निघाली. घेवडा पिकवणाऱ्याला घेवडा! समोरून येणारी माणसं तिच्यासाठी रस्ता सोडत होती.

कार्यक्रमाला वरच्या घरांनी जावं की नाही यावर बरीच बाचाबाची झाली. जाऊच नये, अशा मताची अक्का. पण शेजारचा म्हातारा, ज्याच्या सगळ्याच ओळी गेल्या होत्या, तो म्हणाला, "पैसे मिळतायत तर नाक कशाला मुरडायचं?" त्याचंही खरं होतं. शेवटी भावजय म्हणाली, "मी जाणार. मला बोलावलंय ना? मी जाणार."

ती आली ती तिच्या सगळ्यांत चांगल्या कपड्यांत. कडक इस्त्री, केस नीट बांधलेले, कानात सोन्याचे डूल. वरची सगळी मंडळी अक्काच्याच गाडीने खाली आली. गाडीला पुढच्या फेरीपर्यंत वेळ होता, म्हणून अक्काही गणवेशातच, खांद्याला पैशाची पिशवी अडकवून, सभागृहात मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. ड्रायव्हर शेजारी. "अक्का," तो कानाशी म्हणाला, "काही झालं तरी गप्प राहायचं हां."

आधी फिल्म दाखवली. मोठ्या पडद्यावर, व्हायोलिनसकट. पुढच्या रांगांमध्ये रुमाल निघाले. मग सूत्रसंचालकाने भावजयीला स्टेजवर बोलावलं आणि ती चढली तशी सभागृहात कुजबुज झाली, कारण पडद्यावरची बाई आणि ही बाई एकच आहे असं कोणाला वाटेना. दुकानदाराने तिच्या हातात धान्याचं पाकीट दिलं. फोटोवाला म्हणाला, इकडे बघा. तिने पाकीट टेबलावर ठेवलं आणि माइकसमोर जाऊन उभी राहिली.

तिला बोलता येत होतं, अक्काला माहीत होतं. पण समोर एवढे रुमाल बघून ती अडखळली. "मी रडत नव्हते," ती म्हणाली. "डोळ्यांत धूळ गेली होती. माझ्याकडे घेवडा आहे. आम्हाला तळं हवंय." एवढंच. पुढचे शब्द येईनात. सूत्रसंचालक हसतमुखाने पुढे झाला, "भावना अनावर झाल्या आहेत," असं म्हणाला आणि त्याने माइक तिच्यासमोरून बाजूला केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भावजयीला अनावर झालेल्या भावनांबद्दल टाळ्या!

"ए, माइक ठेव!"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. ड्रायव्हरने डोळे मिटून घेतले.

अक्काला माइकची कधीच गरज पडली नव्हती. ती मधल्या वाटेने चालत पुढे गेली, जशी गाडीत जायची तशी, डाव्या-उजव्या खुर्च्यांच्या पाठी धरत. "काय ऐकलंत तुम्ही? ती काय म्हणाली ते कोणी ऐकलं का? घेवडा आहे म्हणाली ती! तुमच्या ताटात आहे तो! तुम्ही तिला सुके दाणे देताय? उद्या विहिरीला पेलाभर पाणी नेऊन द्या! वरच्या लोकांनी बसून, डोकं चालवून, पुढची वर्षं कशी काढायची ते ठरवलंय. तळं मागितलंय. तुमच्याकडे रडायला नाही आली ती, तुमच्याशी बोलायला आली होती. पण बोलणारा माणूस तुम्हाला परवडत नाही!"

इथे थांबली असती तर बरं झालं असतं, असं भाऊ पुढे कित्येकदा म्हणाला. पण पहिल्या रांगेत मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या आणि वर्गात म्हणायच्या तशा म्हणाल्या, "पुरे. बाहेर जा."

"नाही जाणार!" अक्का ओरडली. "तुम्हाला मदत नव्हती करायची, बाई. तुम्हाला भिकारी हवे होते, आणि मिळेनात म्हणून तुम्ही माझ्या भावजयीला बनवलंत!"

बाई खाली बसल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि त्यांच्याकडे बघताना अक्काला क्षणभर कळलं की आपण मारायला नको तिथे मारलं आहे. पण तोवर दुकानदार तावातावाने उठला होता, आपलं नाव आणि आपला पैसा दोन्ही परत मागत होता. त्याच्यामागे आणखी काही उठले. कार्यक्रम मोडला.

वरची मंडळी रिकाम्या हातांनीच परतीच्या गाडीत बसली. शेवटच्या थांब्यावर उतरताना शेजारचा म्हातारा अक्कासमोर थांबला. "तळं खणायच्या आधीच बुडवलंस तू," तो म्हणाला. "बुडवलंस ते बुडवलंस, वर माझी रोख रक्कमही गेली." अक्काने मान खाली घातली नाही.

कोणीतरी डेपोत तक्रार केली. कर्तव्यावर असताना, गणवेशात, सार्वजनिक सभेत गोंधळ घातला. अक्काला गाडीवरून उतरवून हरवलेल्या सामानाच्या खिडकीत बसवलं. तिथे छत्र्या होत्या, जेवणाचे डबे होते, एक कवळी होती. दिवसातून एखादा माणूस यायचा आणि त्याची छत्री तिथे नसायची. अक्काला उभं राहून, ओरडून, घंटी ओढून जगायची सवय. त्या खिडकीत बसून तिचा राग आंबायला लागला. व्हिडिओवाल्यावर, दुकानदारावर, हॉटेलवाल्यावर, आणि सगळ्यांवर फिरून झाला की दुपारच्या सुमारास तो तिच्या स्वतःवर यायचा. ड्रायव्हर फेऱ्यांच्या मध्ये येऊन खिडकीशी उभा राहायचा. "नवा कंडक्टर फार गोड बोलतो," तो म्हणायचा. "झोप येते मला."

वर ती गेली नाही. भावजयीने बोलावलंही नाही.

शिक्षा संपून ती गाडीवर परत आली, त्याच आठवड्यातली गोष्ट. स्टँडवर गाडी भरत होती. अक्का दारात उभी होती, आणि गर्दीतून भावजय येताना दिसली. तिच्या हाताला धरून, एक एक पाऊल टाकत, मोठ्या बाई. भावजय तिला फक्त म्हणाली, "हात द्या जरा, पायरी उंच आहे." अक्काने हात दिला. बाईंनी तो घेतला. दोघींनीही एकमेकींकडे पाहिलं नाही.

"शेवटचा थांबा. एक," बाई म्हणाल्या.

अक्काने तिकीट दिलं. बाईंनी पैसे दिले. अख्ख्या प्रवासात एवढंच बोलणं झालं. भावजय आपणहून बाईंच्या घरी गेली होती, एकदा नाही, तीनदा, पहिल्या दोनदा बाईंनी दारच उघडलं नव्हतं, हे अक्काला भावाकडून पुढे कळलं.

शेवटच्या थांब्यावरून माथ्यापर्यंत नीट वाट नाही. बाईंना वर न्यायला भावाने खुर्ची आणली होती. बाई तीत बसल्या नाहीत. दर थोड्या अंतरावर ती खुर्ची टेकायला मात्र घेतली. पुढची फेरी तासाभराने होती, म्हणून अक्काही मागोमाग गेली, पण अंतर राखून. बाईंनी उघड्या पडलेल्या ओळी बघितल्या, वेलींखाली वाळून चुरा झालेली फुलं बघितली. पावसाने जिथे चर पाडला होता तिथे काठी घालून बघितली, काठी अर्धी आत गेली. माथ्यावर पोचल्यावर त्या कितीतरी वेळ धापा टाकत बसल्या. वरची सगळी मंडळी जमली होती.

"जे पैसे उरलेत," बाई म्हणाल्या, "ते देणाऱ्यांतल्या बहुतेकांना मी पत्र घातलंय, की हे तळ्यासाठी वापरतोय, नको असेल तर परत घ्या. काहींनी परत घेतले. उरले त्यात तळं होईल. सगळ्यांना जाळ्या होणार नाहीत. फिल्म काढायला लावली आहे. पण लोकांच्या फोनांमध्ये गेलेली मी परत आणू शकत नाही." मग त्यांनी पहिल्यांदाच अक्काकडे मान वळवली. "आणि तू. चारचौघांत तू मला जे बोललीस, त्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही."

"मी मागितलीच नाही माफी," अक्का म्हणाली.

"मागू नकोस. तुझ्या भावजयीची मी मागितली आहे."

"ते बरं केलंत."

"मला बरं-वाईट शिकवू नकोस!"

"तुम्हीच शिकवलंत ना!"

भाऊ घाईघाईने पाण्याचा तांब्या घेऊन मध्ये आला.

तळं झालं. खणायला सगळी घरं राबली, अक्का सुट्टीच्या दिवशी घमेली वाहायला जायची. काळा कागद अंथरताना वारा सुटला आणि तो एवढा मोठा कागद शिडासारखा फुगला, तेव्हा शेजारचा म्हाताराही कोपऱ्यावर आडवा झोपला. एका दुपारी महिन्याचं पाणी आलं आणि ते तळ्यात थांबलं. जाळ्या मात्र निम्म्याच ओळींना पुरल्या. कोणाच्या ओळी झाकायच्या यावर पुन्हा भांडणं झाली. भावजयीने खालच्या अंगाच्या आपल्या ओळी जाळीविना सोडल्या, तिथे झळ जरा कमी लागते म्हणून. शेजारच्या म्हाताऱ्याच्या सगळ्या झाकल्या. त्याने त्याबद्दल आभार मानले नाहीत. अक्काला तो आता तिकिटाचे सुटे पैसे देतो, एवढाच फरक.

हॉटेलवाला परत आला नाही. भावजय तीनदा जाऊन ताज्या शेंगा त्याच्या टेबलावर ठेवून आली, तो गोड बोलला आणि बदलला नाही. माल आता दवाखान्याच्या स्वयंपाकघरात जातो, कमी भावाने. त्या हॉटेलसमोर गाडी थांबली की अक्का थांब्याचं नाव असं घेते की उतरणाऱ्याला वाटावं आपलंच काहीतरी चुकलं. आणि अजूनही मधूनच कोणीतरी भावजयीकडे निरखून बघतं आणि विचारतं, तुम्ही त्या रडणाऱ्या बाईच ना?

पुढच्या फुलोऱ्यात ऊन आलंच, आदल्या वर्षापेक्षा कडक. अक्का त्या दिवशी वर होती. दुपारी ऐन झळेत एका जाळीची दोरी सुटली आणि जाळी एका बाजूने फडफडायला लागली. दोघी धावल्या. जाळीखाली फुलं होती, सगळी नाहीत, पण होती. बाहेरच्या ओळीत ती टपटप गळताना दिसत होती, आणि ते बघून अक्काचं डोकं पुन्हा तापलं. "निम्म्याच जाळ्या! त्या दुकानदाराने पैसे परत नेले नसते तर आज ही ओळसुद्धा... आणि तो व्हिडिओवाला, त्याला बक्षीस मिळालंय म्हणे त्या फिल्मचं, बक्षीस! मी त्याला एकदा गाडीत..."

"वन्सं," भावजय दोरीचं एक टोक दातात धरून, दुसरं तिच्याकडे फेकत म्हणाली, "बोलू नका. ओढा."

अक्काने दोरी ओढली. हात कापले जाईपर्यंत ओढली.